‘पिऊन मेला’ एवढ्यावर हिशेब मिटत नाही

सप्टेंबर २०२० ची गोष्ट. लॉकडाऊन सैल झाला होता, पण विहारे बंदच होती. वर्षावास सुरू असूनही ग्रंथवाचन ज्याच्या त्याच्या घरी चालले होते. कोहमाऱ्याच्या चौकात, जिथे गोंदियाचा रस्ता राष्ट्रीय महामार्गाला मिळतो तिथे, चहाच्या टपरीवर चार-पाच माणसे एकाच मोबाईलवर वाकून बातम्या पाहत होती. मुंबईत एका अभिनेत्रीच्या गाडीमागे कॅमेरे धावत होते. निवेदक ओरडत होता. टपरीवरचा एक जण म्हणाला, “त्या पोरीनंच त्याले गांजा पाजला.” दुसरा म्हणाला, “मोठ्या लोकायचं असंच राहते.” तिसरा काहीच बोलला नाही. त्याचा धाकटा भाऊ वर्षभरापूर्वी गेला होता. तेव्हा गावाने त्याच्या मरणावर दोनच शब्द खर्च केले होते : ‘पिऊन मेला.’

सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याच्या मृत्यूला १४ जून २०२५ रोजी पाच वर्षे पूर्ण झाली. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये आपला अंतिम अहवाल न्यायालयात सादर करून तपास थांबवला. वाहिन्यांनी महिनोन्‌महिने जे रान पेटवले होते, त्याचा शेवट चार ओळींच्या बातमीत झाला. त्या वेळी आपण सगळ्यांनीच काय पाहिले, काय बोललो आणि काय पुढे पाठवले, याचा हिशेब आता शांतपणे करायला हवा. कारण प्रश्न एका नटाचा नाही. माणूस गेल्यावर त्याच्या नशेची गोष्ट बाहेर आली की समाज म्हणून आपण कसे वागतो, हा खरा प्रश्न आहे. आणि ही वेळ मुंबईपेक्षा आपल्या गावात जास्त वेळा येते.

शोकाचे रूपांतर शिकारीत कसे झाले

१४ जून २०२० रोजी वांद्र्याच्या घरी सुशांतचा मृत्यू झाला. वय अवघे ३४. पहिले काही दिवस लोक खरोखर हळहळले. पाटण्यात वाढलेला, दिल्लीत इंजिनिअरिंग सोडून नाटकाकडे वळलेला आणि मालिकांमधून चित्रपटात पोहोचलेला हा मुलगा लहान गावांतल्या पोरांना आपला वाटत होता. तो मानसिक आजारावर उपचार घेत होता, असे मुंबई पोलीस आयुक्तांनी ऑगस्टच्या सुरुवातीला जाहीरपणे सांगितले. त्या क्षणी देशात मनाच्या आजारावर मोकळेपणाने बोलणे सुरू होऊ शकले असते. तसे झाले नाही. आधी घराणेशाहीवर वाद झाला, मग खुनाचा संशय, मग पैशांचा. १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस मोबाईलमधले जुने संदेश बाहेर आले आणि अंमली पदार्थ नियंत्रण ब्युरो, म्हणजे एनसीबी, मैदानात उतरली.

गांजाचे नाव निघताच लोकांचा सूर बदलला. एनसीबीचे म्हणणे असे होते की सुशांतसाठी गांजा-चरस मागवला जात होता आणि त्यात त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती, तिचा भाऊ व घरातली नोकरमाणसे सामील होती. म्हणजे तपास यंत्रणेच्याच मांडणीनुसार नशा करणारा माणूस स्वतः मृत अभिनेता होता. पण त्याच्या चाहत्यांना हे पचणारे नव्हते. आपला हिरो नशा करूच शकत नाही, तेव्हा त्याला कुणीतरी नशा दिली असणार. हे ‘कुणीतरी’ म्हणजे एक बाई, हे ठरायला वेळ लागला नाही. तिला जादूटोणा करणारी म्हटले गेले, तिच्या बंगाली असण्यावर शेरे मारले गेले. बाई दिसली की तिच्यात चेटकीण शोधण्याची ही सवय किती जुनी आहे, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

८ सप्टेंबरला रियाला अटक झाली. ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. त्याच आठवड्यात ‘एम्स’च्या डॉक्टरांच्या पथकाने खुनाची शक्यता नाकारल्याचे पथकाच्या प्रमुखांनी सांगितले होते. पण तोपर्यंत लोकांचा निकाल लागून चुकला होता.

कायदा काय म्हणतो आणि आपण काय समजतो

या जामिनाच्या आदेशातला एक मुद्दा प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. सरकारी पक्षाचे म्हणणे होते की प्रसिद्ध व्यक्तींना कडक वागणूक द्यावी, म्हणजे तरुणांना धडा मिळेल. न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी ते मान्य केले नाही. कायद्यापुढे सगळे समान आहेत. प्रसिद्ध माणसाला जशी सवलत नाही तशी त्याच्यावर जादा जबाबदारीही टाकता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. समतेचा अर्थ आपण बहुतेक वेळा ‘वरच्याला सवलत नको’ इतकाच घेतो. ‘कुणालाही धडा म्हणून लटकवू नका’ हाही त्याचाच अर्धा भाग आहे. आणि या अर्ध्या भागाची गरज सर्वात जास्त गरिबालाच लागते.

अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे. त्याआधी अनेक राज्यांत गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत असे. या कायद्यात गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ मानली जाते आणि वीस किलोपासून पुढची ‘व्यापारी’. गांजा ओढण्याला कलम २७ खाली जास्तीत जास्त सहा महिन्यांची शिक्षा आहे. उलट, अवैध व्यापाराला पैसा पुरवणे किंवा गुन्हेगाराला आसरा देणे यासाठी कलम २७-अ खाली दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे आणि जामीन मिळणे फार कठीण आहे. रियावर हे दुसरे कलम लावले होते. ओढणाऱ्याला सहा महिने आणि त्याच्यासाठी पुडीचे पैसे देणाऱ्याला वीस वर्षे, अशी ही विसंगती होती. कुणाच्या सेवनासाठी पैसे देणे म्हणजे अवैध व्यापाराला भांडवल पुरवणे नव्हे, असे उच्च न्यायालयाने म्हटले.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे. अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. म्हणजे ज्या कायद्याला आपण नुसता तुरुंगाचा कायदा समजतो, त्यानेही व्यसनी माणूस रोगी असू शकतो हे मान्य केले आहे. त्या चार महिन्यांत वाहिन्यांवर तासन्‌तास गांजावर चर्चा झाली. हे कलम किती वेळा ऐकले, ते वाचकांनी आठवून पाहावे.

त्याच दिवसांत इकडे काय चालले होते

एनसीबीने गुन्हा नोंदवला २६ ऑगस्टला. त्यानंतर तीन-चार दिवसांतच वैनगंगेला महापूर आला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतली गावे पाण्यात गेली, धान बुडाले, घरे पडली. दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांना त्यासाठी किती वेळ मिळाला, हे पूरग्रस्तांना विचारा. १४ सप्टेंबरला हाथरसमध्ये एका दलित मुलीवर अत्याचार झाला. पुढचे दोन आठवडे ती मरणाशी झुंजत होती आणि वाहिन्या दीपिका पदुकोणला एनसीबीच्या चौकशीसाठी बोलावल्याच्या बातमीत दंग होत्या. २९ सप्टेंबरला ती मुलगी गेली आणि रात्रीच्या अंधारात पोलिसांनी तिचे प्रेत जाळले, तेव्हा कुठे कॅमेरे तिकडे वळले.

कोहमाऱ्यावरून जाणारा महामार्ग त्याच वर्षीच्या मे महिन्यात चालत्या माणसांनी भरला होता. नागपूरकडून छत्तीसगड, ओडिशाकडे मजूर पायी निघाले होते. त्यांच्यातले किती जण घरी पोहोचल्यावर कामाविना, कर्जाने, खचून गेले, याची गणती कुणी केली? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२० मध्ये देशात १ लाख ५३ हजार ५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत जवळपास चौथा हिस्सा रोजमजुरांचा होता. सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात, १९ हजार ९०९. एका मृत्यूसाठी न्याय मागणे चूक नाही. पण एकाच मृत्यूवर सगळा देश खिळवून ठेवला जातो, तेव्हा बाकीचे मृत्यू कुणाच्या फायद्यासाठी झाकले जातात, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. बिहारची निवडणूक तोंडावर होती आणि तिथे सुशांतच्या नावाचे स्टिकर वाटले जात होते, एवढे आठवले तरी पुरे.

नंतर न्यायालयानेही माध्यमांना आरसा दाखवला. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी माध्यमांच्या समांतर खटल्याविरुद्ध निकाल दिला. दोन इंग्रजी वाहिन्यांचे काही वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे असल्याचे त्यांनी नोंदवले. आत्महत्येची बातमी देताना मृत व्यक्तीला दुबळ्या चारित्र्याची ठरवू नये, तिच्या खासगीपणावर घाला घालू नये, असेही त्यात सांगितले आहे. हे वाहिन्यांसाठी सांगितले गेले. पण अंत्यविधीला जमलेल्या आपल्यासारख्यांनाही ते तितकेच लागू पडते.

आता आपल्या अंगणात या

आमच्या भागात नशा म्हणजे प्रामुख्याने दारू. मोहाची असो की दुकानातली. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला ती आली आणि २०२१ ला उठली. महामार्गावर गांजा पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ओडिशा-आंध्रच्या डोंगरी भागातून निघालेला माल छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे जातो. त्यात सापडतो तो बहुधा गाडीचा ड्रायव्हर किंवा दोन-चार हजारांसाठी पोते वाहणारा पोऱ्या. त्याच्यासाठी कुणी हॅशटॅग चालवत नाही आणि त्याच्या जामिनाला मोठा वकील उभा राहत नाही.

आणि घरात मरणारा? त्याच्या मृत्यूवर गावाचा निकाल ठरलेला असतो. पिऊन मेला. या दोन शब्दांत सगळे उरकते. धानाचा हंगाम संपल्यावर तो कुठे कामाला जायचा, रात्री का झोपू शकत नव्हता, बायकोने कितीदा कुणाकुणाच्या पाया पडून ‘यांना कुठंतरी न्या’ म्हटले होते, यातले काहीही विचारावे लागत नाही. वर बायकोलाच ऐकावे लागते : तिनेच नीट सांभाळले नाही. मुंबईत रियाला जे ऐकावे लागले त्याची ही गावठी आवृत्ती आहे. तिकडे ‘तिनं पाजलं’, इकडे ‘तिनं आवरलं नाही’. नशा पुरुषाची, जाब बाईला.

हिरोच्या बाबतीत आपण म्हणतो, त्याने केलेच नाही. गावातल्या माणसाबाबत म्हणतो, त्याने दुसरे काही केलेच नाही. दोन्हीकडे एकच सोय साधते. व्यसन हा आजार म्हणून समोर येतच नाही. मग तो वेळेवर ओळखण्याची, दवाखान्यापर्यंत नेण्याची, सोबत बसण्याची जबाबदारीही आपल्यावर येत नाही.

हा आजार किती पसरला आहे? केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. बाकीचे ३७ जण ‘पिऊन मेला’ या शब्दांची वाट पाहत असतात.

बाहेरच्या जगात वेगळे घडू शकते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. अमेरिकी अभिनेता मॅथ्यू पेरी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेला. त्याच्या मृत्यूला केटामाईन हे औषध कारणीभूत ठरले. त्याने आपल्या व्यसनाबद्दल आदल्याच वर्षी पुस्तक लिहिले होते, त्यामुळे लोकांना ते नवे नव्हते. त्याच्या नशेने त्याच्याबद्दलची हळहळ कमी झाली नाही, आणि कायद्याने त्याच्या आजाराचा फायदा घेऊन औषध पुरवणाऱ्या डॉक्टरांना व विक्रेतीला गाठले. तिथेही चघळचोथा झालाच. पण जिवंतपणी एखादा आपले व्यसन उघड बोलू शकला, तर मेल्यावर त्याच्या अब्रूचा लिलाव करणे अवघड जाते, एवढे यातून दिसते.

महाराष्ट्रालाही हे ठाऊक नव्हते असे नाही. १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द पसरली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. डॉ. सुनंदा अवचट यांनी तिथे आलेल्या माणसाला गुन्हेगार न समजता रोगी समजून वागवले. तीच दिशा होती. पण गोंदिया-भंडाऱ्याच्या खेड्यातून पुणे किती लांब आहे!

पाचवे शील कुणासाठी?

आपल्या समाजात एक अडचण आणखी आहे आणि ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. आपण पंचशील घेतो. पाचव्या शीलात मद्य व मादक पदार्थांपासून दूर राहण्याचा संकल्प आहे. बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती फार मोलाची आहे. त्या प्रतिज्ञेने कितीतरी घरे उभी राहिली, पोरे शिकली. तिला जराही सैल करण्याचा प्रश्नच नाही.

पण या दोन्हींची भाषा नीट पाहा. शील असो की प्रतिज्ञा, ती ‘मी’ म्हणून घेतली जाते. शेजाऱ्याच्या वतीने शील घेता येत नाही आणि शेजाऱ्याला मारायला ते काठीसारखे वापरताही येत नाही. ज्याचे पाचवे शील मोडले त्याच्याबद्दल चौकात बसून खोटेनाटे पसरवणारा आपले चौथे शील मोडत असतो. २०२० साली ज्यांनी खात्री न करता रियाबद्दलचे व्हिडिओ पुढे पाठवले, त्यांच्यापैकी कितीतरी जण दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत. मीही दोन-तीन पाठवले होते. मनाला नशा फक्त बाटलीतूनच चढते असे नाही.

विनयात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. कुणी त्याची सेवा करीत नव्हते. भगवान बुद्धांनी कारण विचारले, तर उत्तर आले की तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून नीट निजवले. तो चांगला भिक्खू होता की वाईट, हे त्यांनी आधी विचारले नाही.

व्यसनी माणसाबद्दल आपलेही उत्तर तेच असते : तो कुणाच्या काही उपयोगाचा नाही. तो खोटे बोलतो, उधार घेतो, मारहाण करतो. हे खरे आहे आणि त्याच्या घरच्यांनी मुकाट सहन करावे असे कुणी म्हणत नाही. बायको-मुलांची सुरक्षितता पहिली. पण तो आजारी आहे हेही तितकेच खरे आहे.

काय करता येईल

प्रत्येक विहारात आठवड्यातून एकदा तासभर असा ठेवता येईल, जिथे व्यसनी माणूस किंवा त्याचे घरचे येऊन बोलू शकतील आणि ते बोलणे चौकात जाणार नाही. मंडळातल्या दोन-तीन जणांनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची वेळ, कागदपत्रे, जाण्या-येण्याची सोय माहीत करून घेतली तर एखाद्याला हात धरून नेता येईल. मनाच्या त्रासासाठी शासनाचा टेलिमानस क्रमांक १४४१६ आहे आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६. हे दोन क्रमांक विहाराच्या भिंतीवर रंगवायला डबाभर रंग पुरतो.

आणि पुढच्या वेळी, मग तो पडद्यावरचा नट असो की वस्तीतला मजूर, कुणाच्या मरणानंतर नशेची गोष्ट निघाली की तोंडाला थोडी आवर घालावी. त्याच्या घरी जाऊन बसावे. त्याच्या बायकोला, आईला, मैत्रिणीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

त्या दिवशी टपरीवर गप्प राहिलेला माणूस अजून कोहमाऱ्यात आहे. मध्यंतरी बोलता बोलता तो म्हणाला, “त्या हिरोसाठी सारा देश विचारत होता, का मेला म्हणून. माह्या भावासाठी कोणी एकानंही नाही विचारलं.”

त्याला काय सांगायचे ते मला सुचले नाही. त्याचा भाऊ गेला तेव्हा मीही ते दोन शब्द ऐकून मान हलवली होती.